हार्मोन पॉझिटिव्ह रुग्णांसाठी टेक्नेशियमचा मार्ग शोधा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

हार्मोन पॉझिटिव्ह, म्हणजे शरीरातल्या हार्मोनच्या जोरावर वाढणारा, स्तनाचा कर्करोग परतून हाडात उतरला, की एक प्रश्न उभा राहतो: तिथल्या पेशींत इस्ट्रोजेन या हार्मोनला धरून ठेवणारे रिसेप्टर अजून आहेत का? असतील तर बऱ्याचदा हार्मोनला रोखणाऱ्या औषधांवर भागतं, नसतील तर त्यांचा उपयोग होत नाही. माझ्या नणंदेच्या मणक्यातल्या डागाचा तुकडा काढणं धोक्याचं होतं, म्हणून उपचार मूळ गाठीच्या जुन्या रिपोर्टवरच ठरले. आजार पसरताना रिसेप्टर नाहीसे होऊ शकतात, हे डॉक्टरांनीच सांगितलं होतं. विड्या वळून तीन पोरं शिकवलेली ती बाई मला विचारायची, "वहिनी, फोटोत नाही का दिसत ते?"

दिसतं. अमेरिकेत कॅट्झेनेलेनबोगेन आणि वेल्च या शास्त्रज्ञांच्या गटांनी १९८०च्या दशकात इस्ट्रॅडिओलच्या, म्हणजे इस्ट्रोजेनच्याच एका प्रकाराच्या, रेणूवर, सोळाव्या कार्बनपाशी, किरणोत्सारी फ्लोरिन-१८चा अणू बसवला. अणू इतका लहान, की रिसेप्टर तो रेणू आपलाच समजून धरून ठेवतो आणि पेट स्कॅनमध्ये, म्हणजे शरीरातला किरणोत्सार टिपणाऱ्या तपासणीत, ती जागा उजळते. यकृतातले डाग मात्र यात नीट कळत नाहीत, आणि टॅमॉक्सिफेन हे हार्मोनला रोखणारं औषध चालू असेल तर ते आधी काही आठवडे थांबवावं लागतं. तरी मणक्यासारख्या जागी हे मोठंच साधन आहे. अमेरिकेत त्याला २०२० साली मंजुरी मिळाली.

अडचण अंतराची आहे. फ्लोरिन-१८ सायक्लोट्रॉन या मोठ्या यंत्रात तयार होतं आणि दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. मुंबईहून सोलापूरला यायला सव्वासात तास लागले, तर निघतानाच्या किरणोत्सारितेचा जेमतेम सोळावा हिस्सा उरतो.

टेक्नेशियम-९९एम या किरणोत्सारी धातूचं तसं नाही. ते निम्मं व्हायला सहा तास लागतात, आणि ते जनरेटर नावाच्या उपकरणातून जागेवरच मिळतं: शिशाच्या आवरणातल्या नळीतून सलाईन सोडायचं, की टेक्नेशियम बाहेर येतं. आतलं किरणोत्सारी मॉलिब्डेनम, ज्यापासून टेक्नेशियम बनत राहतं, ६६ तासांनी निम्मं होतं, त्यामुळे एक जनरेटर जवळपास आठवडाभर पुरतो. पेटचं यंत्रही लागत नाही, त्याहून साधा गॅमा कॅमेरा पुरतो. नेहमीचा बोन स्कॅन याच टेक्नेशियमवर होतो.

मग इस्ट्रॅडिओलला टेक्नेशियम का जोडत नाहीत? जगभर प्रयत्न झालेत. पण या धातूला धरून ठेवणारी रचना अवजड असते. सायकलच्या कॅरिअरवर चादरींचा अख्खा गठ्ठा बांधावा तसा तो रेणू होतो आणि रिसेप्टरात नीट बसत नाही. रसायनशास्त्र शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून म्हणते: हा प्रश्न कठीण आहे, पण चिकाटीने हात घालण्याजोगा आहे. टाटा स्मारक रुग्णालय आणि भाभा अणुसंशोधन केंद्र दोन्ही अणुऊर्जा विभागाचीच आहेत. रुग्ण आणि रसायनतज्ज्ञ एकाच विभागाकडे असताना हे काम आपल्याकडे नेटाने व्हायला हवं. बार्शीत १९८७ पासून ग्रामीण कर्करोगाची नोंदणी चालू आहे, म्हणजे आमच्या जिल्ह्यातल्या बायका त्या कागदांवर कधीच्याच आहेत.

अणुऊर्जा विभागाने या दिशेने काय चाललं आहे ते जाहीर करावं, आणि त्यासाठी वेगळा निधी ठेवावा. तोवर फ्लोरिनची तपासणी जिथे होते तिथे जाण्यायेण्याचा आणि तपासणीचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून मिळावा.

आपली,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका,
साखर पेठ, सोलापूर