आधी पुरावा जपा, मग चिडा

संपादक महोदय,

कालच्या पुरवणीतला मुलांच्या ऑनलाइन छळावरचा लेख वाचला. लेखिकाबाईंच्या हेतूबद्दल शंका नाही. पण 'सर्वप्रथम मुलाचा मोबाइल काढून घ्यावा' हा पहिलाच सल्ला वाचून डोकं भणभणलं.

आमच्या मेहुण्यांनी नेमकं हेच केलं होतं. भाच्याच्या वर्गातल्या पोरांनी त्याला वगळून ग्रुप काढला, त्याच्या फोटोंचे स्टिकर फिरवले, शिवाय त्याच्या नावानं इन्स्टाग्रामवर खोटं खातं उघडून मुलींना काहीबाही लिहिलं. घरी कळल्यावर मेहुण्यांचा पारा चढला. फोन हिसकावला, ॲप्स उडवली, व्हॉट्सॲपचं खातंच डिलीट केलं आणि तावातावानं शाळा गाठली. मुख्याध्यापकांनी थंडपणे विचारलं, 'पुरावा?' तो यांनीच पुसलेला! तोवर तिकडच्या पोरांनीही 'डिलीट फॉर एव्हरीवन' करून हात झटकले होते. 'मुलांची थट्टामस्करी' म्हणत शाळेनं विषय मिटवला. छळणाऱ्यांचे फोन त्यांच्या खिशात, आणि आमचा भाचा उरल्यासुरल्या मित्रांपासूनही तोडलेला. शिक्षा नक्की कोणाला झाली म्हणायची? यापुढे काही झालं तर तो घरी तोंड उघडेल? फोन जाईल या धास्तीनंच तर मुलं महिनोन्‌महिने गप्प सोसतात.

लेखात 'मुलांशी संवाद साधा' हे वाक्य चारदा आलंय. त्यातल्या एका जागी तरी लिहायचं होतं की काहीही पुसू नका. आधी स्क्रीनशॉट घ्या, त्यात खात्याचं नाव, तारीख, वेळ दिसू द्या. खोट्या प्रोफाइलची लिंकही जपून ठेवा. नंतर रिपोर्ट आणि ब्लॉक. व्हॉट्सॲपवर या दोन्ही गोष्टी एकदम केल्या तर आपल्या फोनमधलं ते चॅटही जाऊ शकतं, म्हणून आधी पुरावा. ब्लॉक केल्यानं समोरचा चेकाळेल असं वाटलं, तर इन्स्टाग्रामवर २०१९ पासून 'रिस्ट्रिक्ट'ची सोय आहे. आपल्या पोस्टखाली त्यानं टाकलेल्या नव्या कमेंट त्याच्या एकट्यालाच दिसतात. बसू दे स्वतःशीच बडबडत. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींचे नग्न फोटो फिरत असतील, किंवा तशी धमकी असेल, तर 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा आहे. तिथे फोटो पाठवावा लागत नाही, त्याचा डिजिटल ठसा तेवढा जातो आणि सहभागी कंपन्या त्यावरून तो शोधून काढून टाकतात.

राहता राहिला संवाद. माझ्या बहिणीनं नंतर मुलाला एवढंच विचारलं, 'आता तुला काय व्हायला हवंय?' त्याला ना माफी हवी होती, ना कोणाला शिक्षा. ते खोटं खातं बंद व्हावं आणि बाबांनी पुन्हा शाळेत येऊ नये, बस्स. हे आधी विचारलं असतं तर निम्मा गोंधळ टळला असता.

जाता जाता. अशा प्रत्येक लेखाला तुम्ही अंधाऱ्या खोलीत गुडघ्यांत डोकं खुपसून बसलेल्या मुलीचाच फोटो का लावता? मुलगे छळले जात नाहीत? आणि मागच्या वेळी माझं पत्र अर्ध्यावर कापलं होतंत. या वेळी कात्री चालवायचीच असेल तर चालवा, पण मेहुण्यांचा परिच्छेद सोडून. ते तुमचे जुने वर्गणीदार आहेत.

– एक वाचक