शनिवारच्या वर्महोल फेरीआधी बुकमार्क आवरा

मंडळी, शनिवारी रात्री ९ ला (ईव्ह टाइम १५:३०) ईव्ह ऑनलाइन या अंतराळ-गेममध्ये वर्महोल (दूरच्या सिस्टिममध्ये नेणारी तात्पुरती दारं) धुंडाळायला निघतोय, त्याआधी बुकमार्कांचा (सेव्ह केलेल्या जागांचा) शेअर्ड फोल्डर साफ करायचाय, सध्या नुसती भंगाराची वखार झालीय.

– जुने सिग्नेचर (स्कॅनमध्ये सापडलेल्या जागांचे बुकमार्क) उडवा. दुपारी साडेचारच्या डाउनटाइमनंतर (सर्व्हर रोज बंद होतो तेव्हा) त्यांचे आयडी बदलतात, मग ती नावं काय कामाची?
– नावात आयडीची तीन अक्षरं, मग क्लास (पलीकडची सिस्टिम कुठल्या दर्जाची ते), उदा. 'केएक्सआर सी३'. "मस्त होल", "हे बघा" असलं काही नको रे.
– होलच्या दोन्ही बाजू सेव्ह करायच्याच! परतीची राहिली तर आत प्रोब (स्कॅन करणारी यंत्रं) टाकून शोधत बसावं लागतं, आणि जहाजावर प्रोबचा लाँचरच लावला नसेल तर बसा मग तिथेच.
– होलचं ४ तासांहून कमी आयुष्य उरलं की नावापुढे 'ईओएल' (एंड ऑफ लाइफ) लिहा.

फोल्डर दिसत नसेल तर अ‍ॅक्सेस लिस्टमध्ये तुमचं नाव टाकायचं राहिलंय, शुक्रवारपर्यंत कॅरेक्टरचं नाव इथे टाका.