सिंहस्थातली गर्दी आणि अंगाची मापे

म्युनिक

ती. बाबांना सा. न.,

सिंहस्थाच्या तयारीच्या बैठकीत, रामकुंडावर हरवलेली माणसे कॅमेरा अंगाच्या मापांवरून शोधून देईल का, असा प्रश्न निघाल्याचे तुम्ही कळवले. माझे इथले काम याच विषयातले असल्याने सविस्तर लिहिते.

डेप्थ कॅमेरा चित्रातला प्रत्येक बिंदू किती दूर आहे हे टिपतो. मायक्रोसॉफ्टचा २०१० सालचा किनेक्ट डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचे ठिपके समोर टाकत असे, त्यांच्या सरकण्यावरून अंतर काढत असे, आणि खांदा, कोपर, गुडघा असे वीस सांधे ओळखत असे. दोन सांध्यांमधली लांबी हेच मग माणसाचे माप. घरातल्या चार-पाच माणसांत कोण आले हे यावरून बऱ्यापैकी सांगता येते, पण लाखोंच्या गर्दीत एकसारख्या मापांची माणसे कितीतरी निघतील. शिंप्याच्या वहीतले माप वाचून गिऱ्हाईक ओळखण्यासारखेच ते आहे.

पॅरिसचे पोलीस १८८० च्या दशकात बर्तियाँ यांच्या पद्धतीने कैद्यांची उंची, डोके, पाऊल, बोट अशी अकरा मापे घेत. ती पद्धत बंगालमध्येही आली. पण मोजणारा बदलला की माप बदले, आणि १८९७ साली तिथे तिची जागा बोटांच्या ठशांनी घेतली. ठशांच्या वर्गीकरणात कलकत्त्याच्या अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचा मोठा वाटा होता. तरी ती वर्गीकरणाची पद्धत त्यांचे वरिष्ठ, बंगालचे तेव्हाचे पोलीस प्रमुख एडवर्ड हेन्री यांच्याच नावाने ओळखली जाते, याचे मला फार वाईट वाटते.

कॅमेऱ्याचीही अडचण तीच आहे. नऊवारी किंवा धोतराआडचा गुडघा तो अंदाजानेच ठरवतो, आणि घाटावरच्या उन्हात किनेक्टसारख्या कॅमेऱ्याचे अवरक्त ठिपके पार बुडून जातात. शिवाय गर्दीत चुकतात ती मुख्यतः मुले आणि वृद्ध. मुलांची मापे वाढत जातात, तर वृद्धांची पाठ वाकल्याने बदलतात.

मला खरी काळजी वेगळीच आहे. ही मापे लांबून, न विचारता घेता येतात, आणि स्नानाला आलेल्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून बैठकीत एवढे जरूर मांडा की मापांवरून फार तर शोध थोड्या माणसांपुरता आणता येईल, मात्र मूल कोणाच्या हवाली करायचे हे नातेवाइकांची समोरासमोर ओळख पटवूनच ठरवावे, आणि घेतलेली मापे सिंहस्थ संपताच पुसून टाकावीत.

आईला नमस्कार.

तुमची मुलगी