दाराकडे तोंड करून

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

रविवारी फोन मधेच ठेवला, त्याबद्दल आधी सांगते. बाबा, तुम्ही म्हणालात, "आठ महिने झाले, हाड जुळलं, आता गाडीत बसायला काय होतंय?" आणि मागे मनूच्या खोलीचं दार आपटल्याचा आवाज आला. मला पुढे बोलवेना.

राग नाही. मीही तेच केलंय. अपघातानंतर महिन्याभराने मी तिला म्हटलं होतं, "एकदा सगळं बोलून टाक, मोकळं वाटेल." ती बोलली. काचा, तो वास, सगळं. मग तीन आठवडे तिने माझा फोन घेतला नाही. तयारी नसताना असं उकरायला लावलं तर त्रास वाढूही शकतो, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं? जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली, तीतही बजावलंय की घडलेलं सांगायला कुणाच्या मागे लागू नका.

"आमच्या वेळी असलं काही नव्हतं" म्हणता ना बाबा, होतं हो. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या अशाच हालांना 'शेल शॉक' म्हणत, आणि कित्येकांना भित्रं ठरवलं गेलं. पीटीएसडी (मोठ्या आघातानंतर मनात मागे राहणारा त्रास) हे नाव अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी केलेल्या आजारांच्या यादीत १९८० साली आलं, एवढंच.

इथे माझ्याबरोबर एक माजी सैनिक काम करतो. मीटिंगला तो कायम दाराकडे तोंड करून बसतो. कारण कुणी विचारत नाही, ती खुर्ची त्याच्यासाठी सोडायची. मागच्या महिन्यात दोन आठवडे तो दुसरीकडे बसला. मला वाटलं, सुटला बिचारा. या सोमवारी पुन्हा तिथेच. कुणी काही बोललं नाही. (दुसरीकडे बसला तेव्हा शाबासकीही दिली नव्हती, ते मला जास्त आवडलं.)

आई, ती रात्री दचकून उठली तर "काय दिसलं?" विचारू नकोस. दिवा लाव, तू घरात आहेस म्हण, आणि नुसती बसून राहा. मागून खांद्यावर हात नको, आधी हाक मार. ती चिडते ती तुझ्यावर नाही. धोका टळलाय हे तिच्या अंगाला अजून पटलेलं नाही. पण म्हणून सगळं निमूट सोसायचं असंही नाही. परवा तिने फोन फेकला म्हणालीस, तसं झालं तर "हे चालणार नाही" म्हण, फक्त आवाज न चढवता. आणि दुपारी तू स्वतः जरा झोपत जा.

समुपदेशकांकडून आल्यावर ती कधीकधी जास्तच थकलेली दिसेल. तिथे काय बोलणं झालं ते विचारायचं नाही.

एक गोष्ट मात्र तिला विचारून लिहितेय. बुधवारी ती उभ्या गाडीत, दार उघडं ठेवून, दोन मिनिटं बसली. आधी म्हणाली, घरी सांगू नकोस. मग म्हणाली, "सांग, पण बाबांनी किल्ली घेऊन धावत यायचं नाही."

तुमची,
ताई