पेरूतील चापारी संवर्धन क्षेत्राच्या वाटाड्यास खुले आभारपत्र

आदरणीय वाटाडेदादा,
सप्रेम नमस्कार.

माझी भाची हे पत्र स्पॅनिशमध्ये करून आपल्याकडे पाठवणार आहे; तरी ते मुळात मराठीत लिहितो आहे, कारण आमच्याकडच्या पक्षीनिरीक्षकांनीही ते वाचावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

वायव्य पेरू आणि नैर्ऋत्य इक्वेडोरमधील कोरडी जंगले व झुडपी माळ सोडले, तर टुम्बेस चिमणी जगात कुठेच आढळत नाही, म्हणून एवढ्या लांब आलो होतो. आपल्या आधी ज्या सहल कंपनीबरोबर फिरलो, तिच्या माणसाने चिमणीला बाहेर काढण्यासाठी मोबाइलवर त्याच जातीचा आवाज पुन्हा पुन्हा वाजवला, बिचारा पक्षी कावराबावरा होऊन काट्याकुट्यांतून धावत राहिला, आणि शेपटी दिसताच ‘झाली नोंद’ म्हणून आम्हाला गाडीत बसवण्यात आले. पैशांचे दुःख नाही. त्या जिवाला झालेला त्रास अजून मनाला बोचतो.

आपण मोबाइल खिशातून काढलाच नाही. पावसाने नुकत्याच हिरव्या झालेल्या अल्गारोबोवर (आमच्या वेड्या बाभळीचा हा सख्खा नातलग) ती चोचीत अळी धरून बसली होती आणि आम्हाला पाहून जागची हलत नव्हती. आपण माझी बाही हळूच धरून मला मागे नेले, आता काही दिसायचे नाही असे वाटण्याइतके मागे. मग ती खाली उतरून झुडपात शिरली, रिकाम्या चोचीने बाहेर आली आणि उन्हात बसून पिसे साफ करू लागली. राखाडी चेहरा, डोक्यावरचे तांबूस-तपकिरी पट्टे, जाडसर चोच, खांद्यावरची तांबूस छटा, सारे निवांत पाहता आले. माझ्यासारख्या पाहुण्याच्या हौसेपेक्षा पिल्लांचा घास आपल्याला मोठा वाटला, आणि बाहीला लागलेला आपला तो हात मी जन्मभर विसरणार नाही.

सांता कातालिना दे चोंगोयापे या आपल्या गावसमाजाने स्वतःची ३४,४१२ हेक्टर जमीन राखली, २००१ मध्ये ती पेरूतील पहिले खासगी संवर्धन क्षेत्र ठरली, आणि जमीन बळकावणाऱ्यांना विरोध केल्यामुळे २०१७ मध्ये तेथील एका माणसाचा जीव घेतला गेला, हे मी परतल्यावर वाचले. एवढे सोसूनही ज्यांच्या वागण्यात हा हळुवारपणा टिकून आहे, अशा माणसांच्या भरवशावरच ती चिमणी तेथे घरटे करते, असे मी मानतो.

विणीच्या काळात पक्ष्यांचे आवाज वाजवू नयेत, असा ठराव मी आमच्या गटापुढे ठेवला आहे. आपले व आपल्या गावकऱ्यांचे मनःपूर्वक आभार.

आपला कृतज्ञ,
नाशिकचा एक पक्षीनिरीक्षक