वीणेचा पहारा आणि बंधाऱ्याचे बर्गे

मा. संपादक,
सादर नमस्कार.

सोलापूर जिल्ह्यातील असंख्य गावांत वर्षातून एकदा अखंड हरिनाम सप्ताह होतो. सात दिवस वीणा खाली ठेवली जात नाही; कोणत्या पहाऱ्याला कोण, हे आधीच ठरलेले असते आणि रात्री अडीचच्या पाळीलाही माणूस, डोळे चोळत का होईना, वेळेवर उभा राहतो. धान्य घरोघरून जमते, भाकरी घरोघरी थापल्या जातात आणि काल्याच्या कीर्तनानंतर सारा गाव पंगतीला बसतो. यासाठी कोणत्याही योजनेची वाट पाहिली जात नाही.

त्याच गावातील कोल्हापुरी बंधाऱ्याची अवस्था मात्र वेगळी असते. बर्गे, म्हणजे पाणी अडवण्यासाठी बंधाऱ्याच्या खांबांमध्ये बसवायच्या आणि पावसाळ्यात काढून ठेवायच्या फळ्या, लवकर घातले तर पुराचा मार बसतो आणि गाळ साचतो, उशीर झाला तर ओढा आटलेला असतो. म्हणजे परतीच्या पावसाच्या अखेरीस हाती मोजकेच दिवस उरतात. आमच्या मोहोळ तालुक्यातील गावात गेल्या वर्षी हे दिवस एकमेकांकडे बोट दाखवण्यात गेले आणि अडवता आले असते ते पाणी सीना नदीला मिळाले. बर्ग्यांमधील गळती रोखणारे रबर कुजले होते, हेही तेव्हाच लक्षात आले.

जे गाव वीणेची पाळी चुकवत नाही, त्याला बर्ग्यांची पाळी लावता येणार नाही, असे मला वाटत नाही. श्रद्धा आणि गावाचे काम यांची सांगड आपल्याकडे नवी नाही. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी सोलापुरात तलाव खोदवून घेतला. अरणच्या सावता महाराजांनी, पंढरपूर जवळ असूनही, मळ्यातच विठ्ठल पाहिला. राळेगणसिद्धीतही १९७५ नंतरच्या ग्रामविकासाच्या कामाची सुरुवात यादवबाबांच्या मंदिराच्या जीर्णोद्धारापासून झाली. तेव्हा काल्याच्या दिवशी, सप्ताहाचा जमाखर्च वाचला जातो त्याच मंडपात, बर्गे घालण्याच्या, काढण्याच्या आणि देखरेखीच्या पाळ्या नावानिशी ठरवाव्यात आणि वर्गणीतील काही भाग रबरासाठी राखून ठेवावा. बंधाऱ्याच्या मोठ्या दुरुस्तीची शासनाची जबाबदारी यामुळे संपत नाही, हे वेगळे सांगायला नको.

मात्र बर्ग्यांची यादी वीणेच्या यादीवरून जशीच्या तशी उतरवून चालणार नाही. वीणेच्या यादीत अनेक ठिकाणी गावाबाहेरील वस्त्या नसतात, मुस्लिम व ख्रिस्ती कुटुंबे नसतात, आणि ज्यांच्या हातच्या भाकरीवर सप्ताह पार पडतो त्या स्त्रियाही बहुधा नसतात. बंधाऱ्याचे पाणी मात्र या सर्वांच्या विहिरींना लागते. श्रद्धेने माणसे गोळा होतात खरी, पण कोणाला बोलावायचे राहून गेले, हे मंडपातल्या मंडपात सहसा कळत नाही.

आमच्या सप्ताह समितीपुढे मी ही सूचना मांडली आहे. पहिला आक्षेप आला तो काढलेले बर्गे पावसाळाभर ठेवायचे कोठे, याबद्दल. देवळामागील भांड्यांची खोली त्यासाठी मोकळी करता येईल का, यावर सध्या बोलणे चालू आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, मोहोळ तालुका, जि. सोलापूर