राज्यांची पत कोण जोखणार?

ऑगस्ट २०२५मध्ये ‘एस अँड पी’ या अमेरिकी मानांकन संस्थेने भारताचे पतमानांकन (कर्ज फेडण्याच्या क्षमतेची श्रेणी) ‘बीबीबी उणे’वरून ‘बीबीबी’ केले. १८ वर्षांनी मिळालेल्या या बढतीचे स्वागत झाले, ते योग्यच. पण राज्यांच्या पतीचे काय? राज्यांचे कर्जरोखे रिझर्व्ह बँक लिलावाने विकते आणि त्यात काटकसरी राज्य व उधळे राज्य यांच्या व्याजदरात फरक पडतो तो अगदीच किरकोळ. वेळ आलीच तर केंद्र बुडू देणार नाही, हे बँका आणि विमा कंपन्या गृहीत धरून चालतात. मग निवडणुकीच्या तोंडावर वाटलेल्या खैरातीची किंमत त्या राज्याला व्याजातून फारशी मोजावी लागत नाही.

गंमत म्हणजे पुणे महापालिकेने २०१७मध्ये २०० कोटींचे रोखे काढले, तेव्हा तिला रीतसर मानांकन घ्यावे लागले. ते ‘एए प्लस’ असे वरच्या श्रेणीचे मिळाले, म्हणून व्याज ७.५९ टक्क्यांवर निभावले. केरळच्या पायाभूत सुविधा मंडळाचे मानांकन होते ‘बीबी’, म्हणजे खालच्या श्रेणीचे. २०१९च्या मसाला रोख्यांवर (परदेशात विकलेल्या, पण रुपयातल्या कर्जरोख्यांवर) त्याला ९.७२ टक्के द्यावे लागले. म्हणजे पालिका-मंडळांना बाजार पारखून घेतो आणि त्यांच्या कितीतरी पट कर्ज उचलणारी राज्य सरकारे मात्र मोकळी!

मानांकन संस्था काही धुतल्या तांदळासारख्या नाहीत. अमेरिकेतल्या बुडीत गृहकर्ज रोख्यांना ‘ट्रिपल ए’ ही सर्वोच्च श्रेणी देणाऱ्या त्याच. तरीही प्रत्येक राज्याचे मानांकन, महामंडळांच्या कर्जांना दिलेल्या थकहमीचा (ती बुडाल्यास फेडण्याच्या हमीचा) हिशेब धरून, अर्थसंकल्पासोबतच विधिमंडळात मांडणे बंधनकारक करावे.

– एक वाचक, पुणे